एमएक्स-५ घेऊ की जीआर८६? आणि गाडीवेड्यांची आणखी दोन पत्रं

प्रश्न : नमस्कार दादा. मी मूळचा साताऱ्याचा, आता न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घरात एक रॅव्ह४ आहे, त्यामुळे ग्रोसरी, आई-बाबा आले की त्यांना फिरवणं वगैरे सगळं तिच्यावर भागतं. दुसरी गाडी फक्त हौसेसाठी घ्यायची आहे, मॅन्युअलच हवी, आणि शेवटी दोनच उरल्यात, माझदा एमएक्स-५ आणि टोयोटा जीआर८६. मला आणि बायकोला रविवारी सकाळी छत उघडून डेलावेअर नदीच्या काठाकाठाने लॅम्बर्टव्हिल, फ्रेंचटाउनकडे जायचंय, उन्हाळ्यात जेवणं झाली की रात्री नुसतीच चक्कर मारून यायचंय, फॉल कलर्स (पानगळीचे रंग) बघायला हॅरिमन पार्कला जायचंय. कधीतरी रेसट्रॅकवर पण नेईन म्हणतो. पण मित्र म्हणतात १८१ हॉर्सपॉवर म्हणजे काय गाडी आहे का, २२८ वाली घे. माझी उंची सहा फूट एक इंच आहे. आठवड्यातून दोनदा ऑफिसलाही हीच नेणार. काय करू?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आधी मित्रांचा मुद्दा बाजूला करू, कारण तो ऐकायला मोठा वाटतो पण हिशोबात छोटा आहे. एमएक्स-५ चं वजन साधारण १०७० किलो, जीआर८६ चं साधारण पावणेतेराशे. म्हणजे टनामागे पहिलीला जवळपास १६९ हॉर्सपॉवर पडतात आणि दुसरीला १७९. एवढाच फरक, सिग्नलवरून सुटताना पाठीला जाणवेलही कदाचित, पण सत्तेचाळीस हॉर्सपॉवरचा म्हणून जो बोभाटा चाललाय तसा तो नाही. आणि दोनशे किलो कमी असणं हे फक्त पिकअपमध्ये मोजायचं नसतं, ते ब्रेक दाबताना कळतं, वळणात शिरताना कळतं, टायर किती दिवस टिकतात त्यात कळतं, प्रत्येक मैलाला कळतं.

टॉर्कचं, म्हणजे इंजिनाच्या ओढीचं, मात्र बोलायला हवं. जीआर८६ मध्ये २.४ लिटरचं बॉक्सर (सिलिंडर आडवे, समोरासमोर असलेलं) इंजिन आहे, २५० न्यूटन मीटर आणि तेही ३७०० आरपीएमलाच. २०१२ मध्ये आलेल्या पहिल्या ८६ मध्ये दोन लिटरचं इंजिन होतं आणि मधल्या रेव्हजमध्ये ते एकदम मरगळल्यासारखं व्हायचं, ओव्हरटेक करायला जावं आणि नेमकं तिथेच गाडीने दम सोडावा, ही त्या गाडीची सगळ्यात मोठी तक्रार होती आणि २०२१ च्या नव्या पिढीत ती त्यांनी अगदी मनापासून दुरुस्त केली. त्यामुळे हायवेवर मर्ज होताना, चौथ्या गिअरमध्येच ठेवून पुढे जाताना जीआर८६ नक्कीच सोपी. एमएक्स-५ मध्ये २०५ न्यूटन मीटर, तिला गिअर बदलून वर न्यावं लागतं, ७५०० च्या रेडलाइनपर्यंत (इंजिनाच्या कमाल फेऱ्यांपर्यंत) ओढावं लागतं. पण तिचा गिअर लिव्हर एकदा हातात घेऊन बघा, इतका छोटा आणि इतका खटकन बसणारा शिफ्ट आज कुठल्याही किमतीत फार कमी गाड्यांत उरलाय, गिअर बदलावा लागतो ही त्या गाडीत तक्रार होऊच शकत नाही, त्यासाठीच तर ती घ्यायची.

आता खरा मुद्दा, आणि हा मी प्रत्येक पत्रात सांगत असतो. तुम्ही ज्या वेगाने खरोखर गाडी चालवणार आहात, त्या वेगाला कोणती गाडी तुमच्याशी बोलते ते बघा. नदीकाठचा तो रूट २९ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, तिथे लिमिट काय, पुढे सायकलवाले किती, गावं किती. एमएक्स-५ चं सस्पेन्शन मुद्दाम थोडं मऊ ठेवलेलं आहे, ती वळणात झुकते, आणि अनेकांना पहिल्यांदा ते आवडत नाही, स्पोर्ट्स कार अशी डुलते काय म्हणतात. पण त्या झुकण्यातूनच तुम्हाला कळतं की वजन आत्ता कुठल्या चाकावर आहे, आणि हे चाळीस मैलांच्या वेगालाच कळतं, ९० ची वाट बघावी लागत नाही. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिली एमएक्स-५ दाखवली तेव्हापासून माझदाने हा एक हट्ट सोडलेला नाही, म्हणूनच २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. जीआर८६ जास्त सपाट बसते, जास्त नेमकी आहे, तिची ग्रिपही जास्त, आणि तिला मोकळं मैदान दिलं की ती जास्त खूश असते. कंटाळवाणी नाही हं अजिबात, उलट बेस ट्रिमच्या (सगळ्यात साध्या व्हेरियंटच्या) १७ इंची चाकांवर साधे टायर येतात आणि त्यावर ती कमी वेगातही मस्त हलते, बऱ्याच जाणकारांना १८ इंचीपेक्षा तीच आवडते.

ट्रॅकचं म्हणाल तर तिथे जीआर८६ सरळसरळ पुढे आहे आणि त्यात वादच नको. तिच्या प्रत्येक ट्रिममध्ये टॉर्सेन लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (वळणात एकच चाक फुकट फिरू नये म्हणून दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) येतो, एमएक्स-५ मध्ये तो हवा असेल तर बेस स्पोर्ट सोडून क्लब ट्रिमला जावं लागतं. मागची सीट पाडली की ट्रॅकचे चारही टायर चाकांसकट आत बसतात. अमेरिकेत गाडीबरोबर नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशनची एक वर्षाची मेंबरशिप आणि ट्रॅकवर शिकवणारा एक दिवस फुकट मिळतो, तो दिवस अजिबात वाया घालवू नका, तुमच्याकडे मिलव्हिलला न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क आहेच. एक काळजी फक्त, लांब उजव्या वळणात ऑइल प्रेशर क्षणभर पडतं असं या गाडीच्या अनेक मालकांनी मोजून दाखवलंय, तेव्हा नियमित ट्रॅक करणार असाल तर ऑइल प्रेशर गेज लावून घ्या आणि तेलाची पातळी कधी खाली जाऊ देऊ नका. एमएक्स-५ ची अडचण वेगळीच आहे. उघड्या छताच्या गाडीला बरेच ट्रॅक डेवाले रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा लोखंडी दांडा) असल्याशिवाय आत घेत नाहीत, आणि रोल बार लावला तरी तुमचं हेल्मेट त्याच्या रेषेच्या खाली राहायला हवं. सहा फूट एक इंचाच्या माणसाला हे जमणं कठीण आहे. सीट खाली करणाऱ्या किट्स मिळतात पण तो सगळा पुढचा खर्च.

उंचीबद्दल शोरूमवाल्याचं ऐकू नका, माझंही ऐकू नका, जाऊन बसा. २०१९ पासून एमएक्स-५ चं स्टिअरिंग पुढेमागे होतं, त्याआधी फक्त वरखाली व्हायचं, त्यामुळे लांब पायवाल्यांना थोडा आराम पडलाय. छत लावून बसा, उघडून बसा, गुडघा स्टिअरिंगला लागतो का बघा, क्लच पूर्ण दाबून बघा. डोळे पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीला आले तर सिग्नल दिसायला मान वाकवावी लागेल आणि मग महिन्याभरात वैताग येईल. आरएफ नावाचं जे मॉडेल आहे, पत्र्याचं छत स्वतःहून मागे दुमडणारं, ते दिसायला देखणं आहे पण वजनाला जड आणि डोक्याला जागा आणखी कमी, तुमच्यासाठी कापडी छतच बरं.

थंडीत दोन्ही सारख्याच. दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या, आणि त्यांचे समर टायर साधारण सात सेल्सिअसच्या, म्हणजे तुमच्याकडच्या चाळीस-पंचेचाळीस फॅरनहाइटच्या खाली रबर कडक होऊन घसरायला लागतात, बर्फ पडायची गरजच नाही. ऑफिसला नेणार असाल तर विंटर टायरचा वेगळा सेट घ्या, नाहीतर डिसेंबर ते मार्च रॅव्ह४ वापरा. रस्त्यावर मीठ टाकतात ते धुवायला विसरू नका.

आता माझा कौल. तुमचं पत्र मी परत वाचलं. नदीकाठ, उघडं छत, रात्रीची चक्कर, हॅरिमन, याबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय, आणि ट्रॅकबद्दल एक वाक्य, तेही ‘कधीतरी नेईन म्हणतो’. तुम्हाला एमएक्स-५ हवी आहे, मित्रांनी शंका घातली म्हणून पत्र आलं. शरीर बसत असेल तर एमएक्स-५ घ्या, क्लब ट्रिम, मॅन्युअल, आणि ट्रॅकची हौस आधी ऑटोक्रॉसवर भागवा, मोठ्या पार्किंगमध्ये कोन लावून करतात ते, तिथे वेग कमी असतो आणि हलक्या गाडीला खरी मजा तिथेच येते, पण तिथेही उघड्या गाड्यांचा नियम आधी विचारून घ्या. बसून बघितल्यावर डोकं छताला लागलं तर मन मारून एमएक्स-५ घेऊ नका, सरळ जीआर८६ घ्या आणि त्या फुकटच्या ट्रॅक दिवसाची तारीख त्याच आठवड्यात बुक करा. टेस्ट ड्राइव्ह मात्र दोन्हींची एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर करा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा रस्ता निवडा, हायवेवर दोन्ही गाड्या तुम्हाला काहीच सांगणार नाहीत.

प्रश्न : पुण्यात बाणेरला राहतो, स्वतःचा व्यवसाय आहे, ४३ वय. आयुष्यात एकदा खरी स्पोर्ट्स कार घ्यायची होती, आता जमतंय. नवी बीएमडब्ल्यू एम२ की वापरलेली पोर्शे ७१८ केमन, दोन्ही साधारण एकाच पैशांत पडतायत. रविवारी पहाटे ताम्हिणी, आणि महिन्यातून एकदा कोल्हापूरला आईकडे, बायको आणि दोन मुलं (८ आणि ११) बरोबर असतात, तेव्हा हीच गाडी न्यायची इच्छा आहे. मनात केमन आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : मनात केमन असणं मी पूर्ण समजू शकतो. इंजिन तुमच्या पाठीमागे, मागच्या ॲक्सलच्या पुढे, वजन गाडीच्या मधोमध, आणि दोन लिटरच्या टर्बो गाडीचंही वजन साडेतेराशे किलोच्या आसपास. एम२ सतराशे किलोची. ताम्हिणीत साठ-सत्तरला, जिथे त्याच्या वर जाणं शहाणपणाचंच नाही, तिथे केमन पूर्ण जागी असते आणि एम२ अजून झोपेतून उठलेलीही नसते. स्टिअरिंगमधून जे हाताला कळतं त्यात तर एम२ तिच्या जवळपासही येत नाही. २०१६ मध्ये ७१८ झाली तेव्हा सहा सिलिंडर जाऊन चार आले, त्या आवाजाला लोकांनी खूप नावं ठेवली आणि ती बरोबरच होती, पण चालवायला बसलात की आवाज विसरायला होतं.

पण दादा, चार माणसं आहेत. केमनला दोन सीट आणि दोन डिक्या, पुढे एक मागे एक, त्यात सामान बसेल, मुलं कुठे बसवणार? कोल्हापूरची अट तुम्ही स्वतः घातलीय, आणि ती अट चांगली आहे, कारण जी गाडी घरच्यांच्या आनंदात येते ती वापरली जाते, जी येत नाही ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली पडून राहते आणि बॅटरी उतरते. एम२ मध्ये मागे दोन नीट सीट आहेत, मुलं आणखी काही वर्षं आरामात बसतील, डिकी ३९० लिटरची. अट खरी असेल तर उत्तर एम२ आहे. अट फक्त बायकोला पटवण्यासाठी घातली असेल तर परत एकदा घरात बसून बोला, कारण तसं असेल तर केमन घेणं जास्त प्रामाणिक होईल.

एम२ च घेणार असाल तर काही गोष्टी. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं ट्विन टर्बो इंजिन, २०२३ मध्ये भारतात आली तेव्हा ४६० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) होते, नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये ४८० झाले, आणि तेव्हा एक्स-शोरूम १.०३ कोटी होती, आजचा भाव विचारून घ्या. महाराष्ट्रात त्यावर रोड टॅक्स, त्यावर इन्शुरन्स, त्यामुळे एक्स-शोरूम बघून बजेट ठरवू नका. सहा गिअरची मॅन्युअल भारतात मिळते, आणि तुमच्या रविवारसाठी मी तीच सांगेन. मॅन्युअलमध्ये टॉर्क ५५० वर थांबतो, ऑटोमॅटिकला ६००, शंभरला पोचायला कागदावर ०.२ सेकंद जास्त लागतात, पण घाटात तुम्हाला हाता-पायाला काहीतरी काम हवंय आणि एवढ्या ताकदीच्या गाडीत ते काम मॅन्युअलच देते. बाणेर-हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज न्यायची असती तर वेगळं बोललो असतो. पेट्रोल जास्त ऑक्टेनचंच भरा. आणि स्पीडब्रेकर, एम२ चा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) पावणेतीन मीटर आहे, केमनचा अडीच मीटरच्याही आत, जेवढा व्हीलबेस लांब तेवढं पोट ब्रेकरच्या माथ्यावर घासायची भीती जास्त, त्यामुळे चारजण बसलेले असताना सोसायटीच्या गेटचा ब्रेकर तिरका घ्यायची सवय लावा. टेस्ट ड्राइव्हला चौघं जा, एकटे जाऊ नका.

केमनचंच ठरलं तर ऐका. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिचं प्रॉडक्शन बंद झालं, त्यामुळे चांगल्या गाड्यांना मागणी राहणार आणि वाईट गाड्याही चांगल्या म्हणून विकल्या जाणार. घेण्याआधी इंजिनच्या कॉम्प्युटरमधून ओव्हर-रेव्ह रिपोर्ट काढून मागा, इंजिन किती वेळा आणि किती तासांवर मर्यादेच्या वर फिरलं ते त्यात दिसतं, विकणारा टाळाटाळ करत असेल तर तिथूनच उठा. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, किलोमीटर कमी आणि टायर नवे असं दिसलं तर का बदलले ते विचारा. मुंबईची गाडी असेल तर कार्पेट उचलून, सीटचे रेल आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, पावसाच्या पाण्यात बुडालेली गाडी तिथेच सापडते.

प्रश्न : दादा, मी कराडला इंजिनिअरिंगला आहे, मेकॅनिकल, थर्ड इयर. हॉस्टेलवर आमचे दोन गट झालेत, निस्सान जीटी-आर आर३५ विरुद्ध पोर्शे ९११ टर्बो. मी जीटी-आरवाला. मी म्हणतो जर्मनीतल्या नुर्बर्गरिंग ट्रॅकला जीटी-आरने ७:२९ मारलाय, विषय संपला. समोरचे म्हणतात तो टाइम खोटा, पोर्शेने सिद्ध केलंय. कोण बरोबर?
— एक विद्यार्थी, कराड

उत्तर : अरे, तुमचं भांडण २००८ मध्ये त्या दोन कंपन्यांनीच केलेलं आहे, तुम्ही पुढे चालवताय. झालं असं की निस्सानने ७ मिनिटं २९ सेकंदांचा लॅप जाहीर केला, आणि पोर्शेच्या लोकांना ते काही केल्या जुळेना, १७४० किलोची ४८० पीएसची गाडी त्यांच्या हलक्या, तेवढ्याच पीएसच्या ९११ टर्बोपेक्षा वेगात कशी जाईल, म्हणून त्यांनी स्वतः एक जीटी-आर विकत घेतली आणि नुर्बर्गरिंगवर चालवली. त्यांना मिळाला ७:५४. मग टायर शोरूमवाले नव्हते अशी शंका त्यांनी घेतली, निस्सानने ती फेटाळली. म्हणजे ‘पोर्शेने सिद्ध केलं’ हे समोरच्या गटाचं म्हणणं बरोबर नाही, त्यांना तो टाइम मिळाला नाही एवढंच त्यातून कळतं. आणि तुझं ‘विषय संपला’ पण बरोबर नाही, कारण तेव्हा लॅप कंपनीच मारायची आणि कंपनीच सांगायची.

तू मेकॅनिकलला आहेस ना, मग लॅप टाइमपेक्षा भारी गोष्ट या दोन गाड्यांच्या खाली आहे, ती बघ. ९११ मध्ये इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकलेलं, हे खरं तर चुकीच्या जागी आहे, पण साठ वर्षं त्याच जागेवर काम करून करून त्यांनी त्यातून वळणाबाहेर निघतानाची ट्रॅक्शन (टायरची पकड) काढली. जीटी-आरमध्ये इंजिन पुढे पण गिअरबॉक्स मागे, मागच्या चाकांजवळ, आणि ऑल व्हील ड्राइव्ह असल्यामुळे एक शाफ्ट इंजिनाकडून मागे जातो आणि दुसरा तिथून परत पुढच्या चाकांकडे येतो. इतका खटाटोप कशासाठी, तर वजन चारही टायरवर दाबून ठेवायला. योकोहामाच्या कारखान्यात एकेक इंजिन एकेक कारागीर हाताने जुळवायचा आणि त्याच्या नावाची पट्टी इंजिनवर लावायचा. ही गाडी २००७ पासून २०२५ च्या ऑगस्टपर्यंत बनली, साधारण ४८ हजार, आणि भारतातही २०१६ च्या शेवटी १.९९ कोटीला आली होती. अमेरिकेत सुरुवातीला ती सत्तर हजार डॉलरच्या आत मिळायची, ९११ टर्बो लाखाच्या कितीतरी वर, तुझ्या गटाचा खरा मुद्दा हा आहे, तो मांड.

मला निवडायला सांगितलं तर रोज चालवायला ९११, कारण ती कमी वेगातही हाताशी बोलत राहते, आणि जीटी-आर उघडून बघायला, तिच्याकडून शिकायला.

आणि पुढच्या वेळी रिंगचे आकडे फेकाल तेव्हा लॅपची लांबी विचारत जा. जुने बरेचसे टाइम २०.६ किलोमीटरचे आहेत, सुरुवात आणि शेवट यांच्यामधला थोडा सरळ तुकडा सोडून मोजलेले. २०१९ पासून अधिकृत टाइम पूर्ण २०.८३२ किलोमीटरवर, नोटरीसमोर घेतात. त्या तुकड्यामुळे चार-पाच सेकंदांचा फरक पडतो, आणि तुमचं अर्धं भांडण चार-पाच सेकंदांवरच चालू असणार.